वरूनच मारू का?

मराठी मध्यमवर्गीय घरात कालनिर्णयचं नवं वर्ष जुन्या वर्षाच्या छातीवर टांगतात. जुनं काढून टाकायचं नसतं. त्याच्या पानांवर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते, कामवाल्या मावशींचे खाडे असतात. कालनिर्णय १९७३ साली निघालं. ज्या घरांनी ते पहिल्या वर्षापासून घेतलं, त्या घरांतल्या खिळ्यांचा कुणीतरी जाहीर सत्कार करायला हवा. फडताळातल्या फळीवर दिवाळीला नवा पेपर घालतात तो जुन्या पेपरवर. जेवणाच्या टेबलाला सनमायका, सनमायकावर टेबलक्लॉथ, तो खराब होऊ नये म्हणून वर जाड प्लास्टिक, आणि प्लास्टिकला गरम पातेल्याचा चटका बसू नये म्हणून परत पेपर. आमच्या टेबलाचा मूळ रंग कोणता, हे घरात फक्त बाबांना माहीत आहे आणि त्यांनाही दोन रंग आठवतात.

त्यामुळे ओट्यामागच्या भिंतीवर टाइल्सचे तीन थर आहेत, याचं आश्चर्य फक्त ट्रॉलीवाल्याला वाटलं.

त्याला बोलावलं होतं ओट्याखाली ट्रॉल्या बसवायला. त्याने टेप लावला, वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा टेप लावला. मग म्हणाला, "काका, तुमचं किचन दाराजवळ सव्वासात फूट भरतंय आणि ओट्यापाशी सहा फूट दहा. खोली आत जाताना बारीक झालीय."

"बिल्डरने पाच इंच खाल्ले!" बाबा खुर्चीतून उठलेच. या बिल्डरबद्दल सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत बाबा बोलत आलेले आहेत. तो बिल्डर कधीच वारला. बाबांच्या लेखी त्याने फक्त सुनावणी टाळली.

पण बिल्डर निर्दोष होता. पाच इंच आम्हीच खाल्ले होते, दोन्ही बाजूंच्या भिंतींनी वाटून घेऊन.

आमची इमारत मुलुंड पूर्वेची, १९७४ सालची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आणि ओट्याच्या वर सहा इंची पांढऱ्या टाइल्सच्या तीन ओळी, हे मूळ देणं. तीनच ओळी. फोडणी दीड फुटाच्या वर उडत नाही असा त्या काळच्या बिल्डरांचा अभ्यास असावा. त्याच्या वर हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा आणि त्याच्या वर छतापर्यंत डिस्टेंपर. आमची आजी मोहरी जरा सढळ हाताने घालायची, त्यामुळे हा अभ्यास पहिल्या वर्षीच खोटा ठरला.

दुसरा थर १९८९ चा, आत्याच्या लग्नाचा. फिकट निळ्या, आठ बाय आठच्या टाइल्स. तिसरा २००४ चा, माझ्या लग्नाचा. क्रीम रंगाच्या, आठ बाय बाराच्या, मधेमधे हायलायटर. मराठी घरात स्वयंपाकघराचं काम स्वयंपाकघरासाठी कधीच निघत नाही. ते मुंजीसाठी निघतं, साखरपुड्यासाठी निघतं, व्याही घर बघायला येणार म्हणून निघतं. म्हणजे त्याला तारीख असते, आणि ती तारीख गुरुजींनी काढलेली असते. मिस्त्री येतो, छिन्नीच्या मागच्या टोकाने भिंतीवर दोन टिचक्या मारतो आणि विचारतो, "काढायची, की वरूनच मारू?"

या प्रश्नाला "काढा" असं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. १९८९ साली आजीने म्हणे कढईतून मानही वर न करता सांगितलं होतं, "वरूनच मार बाबा, केळवणं सुरू झालीत." २००४ साली आईने अक्षरशः तेच सांगितलं, फक्त तेव्हा कढई नॉनस्टिक होती. काढायची म्हटलं की चार दिवस ठोकाठोक, घरभर धूळ, राडारोड्याच्या गोण्या, आणि खाली काय निघेल याची धास्ती. वरून मारायची म्हटलं की दोन दिवसांत भिंत नवी. मुंबई महापालिकेनेही आपले रस्ते वर्षानुवर्षं याच पद्धतीने नवे केले. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्याच्यावर अजून एक. ज्या दुकानांत आपण लहानपणी दोन पायऱ्या चढून जायचो, त्यांतल्या काहींमध्ये आता एक पायरी उतरून जातो आणि पावसाळ्यात आपल्या आधी पाणी जातं. तेव्हा एकट्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही.

आता यात मिस्त्रीलोकांचं एक शास्त्र आहे, ते सांगतो. टाइलचा चकचकीत पृष्ठभाग म्हणजे काच. सिमेंटला पकडायला बारीक भोकं लागतात, पाणी शोषणारा खरखरीत भाग लागतो. काचेवर ते नुसतं टेकून राहतं. म्हणून वरून मारताना चांगला मिस्त्री जुन्या टाइलला छिन्नीने जागोजाग टोचे मारतो, तिचा चकचकीतपणा घालवतो आणि मगच माल लावतो. वाईट मिस्त्री टोचे मारल्याचा आवाज करतो. ऑइलपेंटवर तर सिमेंटचं आणखीनच कमी पटतं. आमच्या भिंतीवर पहिल्या तीन ओळींपर्यंत खाली काच होती आणि त्याच्या वर ऑइलपेंट. म्हणजे १९८९ पासून ती निळी भिंत निव्वळ आमच्या घरावरच्या प्रेमापोटी उभी होती.

एक थर म्हणजे सहा-सात मिलिमीटरची टाइल आणि तिच्या मागे बारा-पंधरा मिलिमीटर माल; धरून चाला दोन सेंटिमीटर. तीन थरांचे सहा. कागदावर हे काहीच नाही. पण चोवीस इंची ओट्यातून मागचे सव्वादोन इंच गेले की काय होतं, ते आमच्या शेगडीला विचारा. मागच्या बर्नरवर कढई ठेवली की तिचा कान भिंतीला टेकायचा. म्हणून शेगडी पुढे ओढली. मग शेगडीची बटणं ओट्याच्या काठाशी आली आणि पुढे वाकून पोळ्या करताना पदराने, गाउनने, एकदा तर माझ्या लेंग्याच्या नाडीने गॅस बारीक-मोठा होऊ लागला. स्विचबोर्ड भिंतीत असा खोल गेला की मिक्सरची पिन लावायला कोनाड्यात हात घातल्यासारखा घालावा लागे. सगळ्यात हाल नळाचे. भिंत पुढे आली की नळ मागे राहतो, म्हणून १९८९ ला प्लंबरने पाइपाला पितळेचा एक जोडतुकडा लावून नळ बाहेर काढला, २००४ ला त्या तुकड्याला दुसरा तुकडा लावला. दोन्ही ठिकाणी सुतळी आणि सफेदा. तो नळ उघडला की आधी मान हलवायचा आणि मग पाणी द्यायचा.

या सगळ्याचा आमच्या घरात लावला गेलेला अर्थ एकच होता: बायकोचं आणि माझं वजन वाढलंय. ओट्यापाशी एका वेळी दोघं मावेनासे झाले, त्याला वीस वर्षं आम्ही भात जबाबदार धरला.

तिसऱ्या थरातल्या हायलायटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २००० च्या आसपास ज्यांची स्वयंपाकघरं झाली, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चार साध्या टाइल्स सोडून एक चित्राची. आमच्या चित्रांत द्राक्षांचा घड होता, एक अर्धं कापलेलं पेअर होतं, वेताची टोपली होती, तिच्यातून डोकावणारा लांबलचक पाव होता, आणि वाफाळणारा एक कप, ज्याच्या बशीत कॉफीच्या बिया सांडलेल्या. आमच्या घरात पेअर हे फळ पहिल्यांदा आलं ते या टाइलवरून, आणि अजून तरी शेवटचं. गुजरातेत मोरबीला गेलात तर टाइल्सचे शेकडो कारखाने आहेत. देशातल्या भिंती-फरश्यांचा मोठा वाटा तिथून येतो. पण इतक्या लोकांत एकालाही दोडका छापावासा वाटला नाही. वांगं नाही, शेवग्याची शेंग नाही, शेपूची जुडी नाही. अळूच्या पानाइतकं देखणं पान मोरबीला दिसू नये? वीस वर्षं आमची आई त्या लांबलचक पावाकडे बघत भाकऱ्या थापत होती. तिच्या मते ते मुसळ होतं.

असो. तर ट्रॉलीवाल्याने हात टेकले, कारण त्याच्या ट्रॉल्यांना काटकोन लागतो आणि आमच्या भिंती मोकळ्या मनाच्या होत्या. ओट्याखालीही सिलिंडरने भिंत काळी होते म्हणून आम्ही टाइल्स लावलेल्या, त्याही दोन थर. म्हणजे तोडणं आलं. त्यावर आईने शांतपणे विचारलं, "वरूनच एखादी पातळ लावता येत नाही का हल्ली?" आणि दुर्दैवाने येते. टाइलवर टाइल चिकटवायचे खास चिकट माल हल्ली पिशवीबंद मिळतात. दुकानदाराने ते सांगितल्यावर घरात मतदान घेण्याची वेळ आली होती. पण या वेळी कुणाचं लग्न नव्हतं, मुंज नव्हती, व्याही येणार नव्हते. काढायची नाही, असं म्हणायला एकही कारण उरलं नव्हतं.

सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम, ठोकाठोकीच्या वेळा, हे सगळीकडे असतं तसंच. चूल तात्पुरती हॉलमध्ये मांडली, आणि इंडक्शनवर टीव्हीसमोर केलेली आमटी मालिकेच्या नादात दोनदा आटली. मी थेट भिंतीपाशी येतो.

तोडायला दोघे भाऊ आले, उदगीरकडचे. थोरल्याने भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेराने वाजवत वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुठे टण्, कुठे बद. बदच जास्त. "पोकळ हाय. येतंय," एवढंच तो म्हणाला. त्याने मशिनला हातही लावला नाही. पेअरच्या टाइलच्या वरच्या कोपऱ्यात छिन्नी घातली आणि नुसती पिळली. कर्र असा आवाज झाला आणि द्राक्षं, पेअर, टोपली, पाव, कॉफी असा सगळा परदेशी फराळ एका पत्र्यासारखा पुढे आला. धाकट्याने तो दोन्ही हातांनी झेलून जमिनीवर ठेवला. टाइल्स अखंड, मागचा माल अखंड, आणि मालाच्या मागे निळ्या टाइलचा छाप इतका गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. २००४ च्या मिस्त्रीने टोचे मारल्याचा आवाज केला होता, हे तेव्हा कळलं. आम्ही वीस वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून चहा प्यायलो, ती आम्हालाच टेकून उभी होती.

निळ्या थराने थोडी कटकट केली, पण ऑइलपेंटवरचा भाग तोही तसाच आला. दुपारच्या आत दोन्ही थर खाली, सगळे खूश. थोरला म्हणाला, पांढऱ्या तीन ओळी राहिल्या, चहा घेतो आणि तेवढं उरकतो.

त्या तीन ओळींनी पुढचा दीड दिवस खाल्ला.

पांढरी टाइल छिन्नीला हसली. हातोडा मारला की नखाएवढी कपची उडायची आणि टाइल जागेवर. मशिन लावलं तर वरचा चकचकीत पापुद्रा भुग्यासारखा उडाला आणि मागचा मातकट गाभा भिंतीला तसाच. याचंही कारण साधं आहे. भिंतीच्या टाइलचा गाभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. जुने मिस्त्री टाइल्स आदल्या रात्री हौदात भिजत घालायचे, म्हणजे कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेत नाही आणि सिमेंट सावकाश, पुरतं घट्ट होतं. खरखरीत प्लास्टर, भिजलेली टाइल, मागे भरपूर माल, आणि नंतर रोज पाणी मारणं. बस्स, एवढंच. नंतरच्या दोन्ही वेळा यातलं काही झालं नाही, कारण हौदात पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी होतं.

"लई घट बसलंय. कुणी लावलं हे?" थोरल्याने घाम पुसत विचारलं.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. पन्नास वर्षं ज्या बिल्डरने सिमेंट खाऊन नुसत्या वाळूवर इमारत उभी केली होती, त्याच्या तीन ओळी विजेच्या मशिनला दाद देत नव्हत्या. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भिंतीजवळ जाऊन हात फिरवला. मग म्हणाले, "हे बिल्डरचं काम नाही. हा मिस्त्री प्रामाणिक असणार, बिल्डरला न सांगता माल जास्त घातला त्याने." आणि समाधानाने जाऊन पेपर वाचत बसले.

आमच्या या भिंतीची पाठ म्हणजे शेजारच्या काकूंची देवघराची भिंत. साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची. मशिन सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला दाराची बेल वाजली. काकू सोवळ्यात. "अरे, जरा येतोस का? काही तक्रार नाही, नुसतं दाखवायचंय."

मी गेलो. देवघरात पितळी देवांची रांग जरा विस्कटलेली. अन्नपूर्णा भिंतीकडे तोंड करून उभी. शंख घरंगळून समईपाशी. आणि बाळकृष्ण, एका हातात लोणी घेऊन रांगणारा तो नेहमीचा बाळकृष्ण, ताम्हनातून बाहेर पडून चौरंगाच्या पार काठाशी आलेला.

"चाळीस वर्षं पूजा करतेय," काकू म्हणाल्या, "आज पहिल्यांदा रांगला."

त्यांच्या आवाजात तक्रार खरंच नव्हती. मी बाहेर येऊन मशिन बंद करायला सांगितलं. अर्ध्या विटेच्या भिंतीवर मशिन चालवू नये, हे थोरल्यालाही माहीत होतं. पलीकडचं प्लास्टर सुटतं, कधी वीटच पलीकडे जाते. मग उरलेलं सगळं काम हातोडा-छिन्नीने. टक टक टक. काकूंनी देव तेवढ्यापुरते कपाटात हलवले, बाळकृष्ण मात्र राहू दिला. तो अजून कुठवर जातो, ते त्यांना बघायचं होतं.

पांढऱ्या टाइल्सच्या वरच्या पट्ट्यात ऑइलपेंट खरवडल्यावर प्लास्टर दिसलं, आणि त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेला एक हिशेब. गुणाकार, खाली रेघ, "८४ नग", त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात "९६ आणा". आई माळ्याकडे बघायला लागली. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जुनं कवच उतरवलं आणि खालचं मूळ रूप लोकांना दिसलं, तेव्हा आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. ती आठवण काढून म्हणाली, "तिथे काय निघालं आणि आपल्याकडे काय निघालं बघा. बारा टाइल्सचं बिल." पण तिची नजर माळ्यावरच होती, कारण बारा टाइल्स तिथे होत्या. नुसत्या त्याच नाही, निळ्याही होत्या आणि पेअरच्याही. फुटली तर असावी म्हणून प्रत्येक वेळी डझनभर जास्त आणायची आणि माळ्यावर ठेवायची. भिंतीवरची टाइल कधी फुटली नाही, फुटली असती तरी माळ्यावर कोण चढतंय? मधल्या काळात त्यांतल्या काहींना नोकऱ्या लागल्या. एक फ्रिजच्या पायाखाली, एक तुळशीच्या कुंडीखाली, आणि एक निळी खास तूप लावून आल्याच्या वड्या थापायला. त्या टाइलवरून वडी जशी सुटते, तशी कुठल्याही ताटावरून सुटत नाही. काच ना. जे भिंतीवर नडलं ते वडीला उपयोगी पडलं.

आता पाइपाची गोष्ट.

१९७४ ची नळजोडणी लोखंडी पाइपांची. बाहेरून जस्ताचा मुलामा, आतून पन्नास वर्षांचा गंज. तो पाइप भिंतीतून कुठून कसा जातो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले सरळ खाली, आई म्हणाली खिडकीकडून. धाकट्याची छिन्नी दोघांच्या मधोमध लागली. टण् झालं नाही, पच् झालं. आणि भिंतीतून पेन्सिलीएवढी एक धार निघून समोरच्या डाळीच्या डब्यांवर पडायला लागली.

धाकट्याने क्षणात अंगठा लावला. धार थांबली. "कॉक कुठाय?" तो म्हणाला.

कॉक म्हणजे व्हॉल्व्ह गच्चीवर, टाकीपाशी. गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, खजिनदारांकडे दिली. खजिनदार म्हणाले, वॉचमनकडे असते. वॉचमन म्हणाला, तुमच्याच मजल्यावरच्या वहिनींनी सांडगे वाळत घालायला नेलीय. वहिनी भिशीला. फोन लावला तर भिशीत फोन घेत नाहीत. एवढ्या वेळात धाकटा जसाच्या तसा उभा, उजवा हात वर, अंगठा भिंतीत. बायकोने विचारलं, "चहा घेता?" तो म्हणाला, "द्या की." डाव्या हाताने बशीत ओतून फुर्रकन प्यायला. दुसरा कपही घेतला. आई म्हणाली, बिचाऱ्याला खुर्ची द्या. खुर्चीवरून अंगठा पोचेना. मग दोन पाटांवर तिसरा पाट ठेवून बैठक उंच केली.

किल्ली आली, गच्ची उघडली, तर व्हॉल्व्ह गंजून दगड झालेला. शेवटी इमारतीची टाकीच बंद केली. संध्याकाळी सात वाजता, सगळे कामावरून आल्यावर. त्या रात्री जिन्यात मला जे जे भेटले ते सगळे फार सभ्यपणे वागले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. मुंबईत काय किंवा दिल्लीत काय, चांगला प्लंबर गाठला की तो बहुधा केंद्रापाड्याचा निघतो. त्या जिल्ह्याने देशभर प्लंबर पुरवले, तिथे नळकामाची सरकारी शिक्षणसंस्थाही आहे. त्याने तुकडा कापून बाहेर काढला आणि आम्हाला भोक दाखवलं. अर्धा इंची पाइप, आत गंजाचं कडं, मधे जेमतेम वाटाणा जाईल एवढी वाट. "साब, इसमें से पानी आता था?" त्याने विचारलं. येत होतं. आम्ही त्यालाच कमी दाब म्हणत होतो आणि महापालिकेला पत्रं लिहीत होतो.

राहिला राडारोडा. एका थराचं वजन, टाइल आणि माल धरून, चौरस मीटरला चाळीसेक किलो होतं. आमचं सगळं मिळून पाऊण टनाच्या घरात गेलं. पाऊण टन! एवढं डोक्यावर टांगून आम्ही खाली बसून मटार सोलत होतो. फुटल्यावर तर ते आणखी फुगतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्याही अर्ध्याच भरायच्या, कारण पूर्ण भरली तर उचलवत नाही; आणि तीन मजले जिन्याने उतरायच्या. धुळीचं सांगत नाही, फक्त एवढंच सांगतो की पोळ्यांच्या डब्यात डबा, त्याच्यात फडकं, फडक्यात पोळी, आणि पोळीत धूळ. कामगारांना मास्क दिले होते, ते त्यांनी हनुवटीला लावले. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. टाइल आणि सिमेंट फोडताना, कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. भिंत ओली करून तोडली तर धूळ निम्म्याने तरी बसते. दुसऱ्या दिवसापासून आई स्वतः तांब्या घेऊन उभी राहिली आणि नाकावर मास्क चढल्याशिवाय चहा नाही, असा तिने नियम केला. तो मात्र पाळला गेला.

राडारोडा गुपचूप खाडीकडे टाकून देतो, अशी एक स्वस्त सेवाही चालून आली होती. बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. तो वेगळा ठेवून ठरल्या जागी द्यायचा असतो, आणि मुंबईत महापालिकेला कळवलं की पैसे घेऊन गाडी येते. आमचीही आली. गाडीवाल्याने गोण्यांत डोकावून पाहिलं, अख्खी निघालेली पेअरची एक टाइल उचलली आणि म्हणाला, "ही घेऊ का? घरी चूल बाहेर आहे, मागे लावतो." घ्या म्हटलं. वरूनच मारा.

नव्या टाइल्स मुलीने पसंत केल्या. दुकानात दोन तास फिरून, फोनवर चित्रं बघून, दुकानदाराला तीनदा शिडीवर चढवून. छोट्या, पांढऱ्या, चकचकीत, काही चित्र नाही. हल्ली हेच चालतं, म्हणाली. आई न बोलता उठली आणि माळ्यावरून १९७४ ची एक टाइल काढून तिच्या हातात ठेवली. मुलगी म्हणाली, "एक्झॅक्टली हीच! कुठून आणलीस?"

भिंत आता ओळंब्यात आहे, काटकोन गुण्याने तपासलाय, कढईचा कान मोकळा आहे. ट्रॉल्याही बसल्या. बाबांनी नव्या मिस्त्रीकडून टाइल्स रात्रभर भिजवून घेण्याचा आग्रह धरला. त्याने समजावलं की पिशवीतल्या नव्या मालाला टाइल कोरडीच लागते, भिजवायची नाही. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांच्या बोलण्यात आता बिल्डरच्या जागी हा मिस्त्री आला आहे.

तुमच्याकडे काम निघायचं असेल तर दोन गोष्टी करा. भिंत उघडी असताना, टाइल लागायच्या आधी, पाइप आणि वायरी जिथून जातात तिथे टेप धरून फोटो काढा. जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, ते आकडे वाचता आले पाहिजेत. फोटो छापून घ्या आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून लावा, फोनमध्ये ठेवू नका, कारण पुढच्या वेळी तो फोन नसेल. आणि गच्चीवरचा आपला व्हॉल्व्ह कोणता ते ओळखून तो वर्षातून दोनदा फिरवत जा. किल्ली नक्की कुणाकडे असते, तेही आजच विचारून ठेवा. सेक्रेटरींकडे नसते.